पयले पाय दख

त्या श्रावणात धडगावच्या पलीकडच्या एका पाड्यावर गाय अडली होती. पहाटेपासून कळा देत होती. पाड्यावर रेंज नाही, म्हणून घरातला पोरगा टेकडीवर चढून गेला, आणि त्याचा फोन मला लागला तेव्हा सात वाजून गेले होते. मी शहाद्याहून निघाले. घाटात दोन ठिकाणी दगडमाती उतरली होती, तरी धडगाव लवकर गाठलं. पुढे डांबर संपतं तिथे एक ओहोळ आडवा जातो. पाणी घोट्याच्या वर नव्हतं. पण पलीकडचा चढ मुरमाचा, पावसाने धुऊन गोटे उघडे पडलेला, आणि माझी गाडी लहान, पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालणारी. तीनदा चढवली. तिन्ही वेळा चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी घसरत पुन्हा पाण्याशी आली. शेवटी ती तिथेच कडेला लावली, पिशवी खांद्याला मारली आणि चालायला लागले. चार किलोमीटर.

वासराचा एक पुढचा पाय मागे मुडपलेला होता. असं वासरू आत हात घालून सरळ करता येतं. ते केलं, ओढून काढलं. गाय वाचली. वासरू गेलेलं होतं, आणि अंग अजून ऊन होतं. घरधनी काही बोलला नाही. त्याने हात धुवायला पाणी दिलं, मग गुळाचा काळा चहा दिला, आणि परत निघाले तेव्हा माझी पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो ओहोळापर्यंत आला. त्या चार किलोमीटरमध्ये मी मनात एकच हिशेब करत होते. पायी लागलेला तास वजा केला असता तर काय झालं असतं?

मी जनावरांची डॉक्टर. शहाद्यात राहते, आणि एका संस्थेच्या कामासाठी आठवड्यातून दोन-तीनदा सातपुड्यात चढते. शेळ्यांचं लसीकरण, पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लसी, आणि मधेच येणारे असे फोन. खालची तापीकाठची गावं सपाट; तिथे वैताग असतो तो काळ्या मातीचा. वर डोंगरात मुरूम, सुटे गोटे आणि दर वळणाला एक ओहोळ. एका गावाचे दहा-बारा पाडे, एकेक पाडा एकेका टेकडीच्या खांद्यावर. गावापर्यंत रस्ता जातो, पाड्यापर्यंत तो जाईलच असं नसतं.

गाडी बदलायची म्हटल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, ‘आठवड्याला चालवतेस किती?’ तीनशे किलोमीटरच्या आसपास, त्यातले दोनशे ऐंशी डांबरावर. मग सल्ला ठरलेला: दोनशे ऐंशीचा विचार कर, मायलेज बघ, एसी बघ, वीस किलोमीटरसाठी कोणी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घेतं का? हिशेब म्हणून हे चूक नव्हतं. पण माझं काम त्या विसात होतं. बाकीचे दोनशे ऐंशी मी त्या विसापर्यंत पोचण्यासाठी चालवत होते.

पाच-सहा लाखांच्या वर जायचं नाही हे पक्कं होतं. तेवढ्यात नवी फोर बाय फोर येत नाही, म्हणजे जुनीच घ्यावी लागणार. जुन्या बाजारात अशा गाड्यांच्या दोन जाती आहेत. पहिली जात जिप्सी, थार, जुन्या सफारी-स्कॉर्पिओच्या फोर बाय फोर गाड्या. खाली शिडीसारखी जाड चौकट, तिच्यावर बॉडी बसवलेली, आणि मुख्य म्हणजे लो रेंज. दुसरा एक लहान लिव्हर ओढला की सगळे गिअर आणखी बारीक होतात, वेग मरतो आणि जोर कितीतरी वाढतो. दगडधोंड्यात या जातीला तोड नाही. काही दिवस मी जिप्सीच्या मागे होते. एक चालवूनही पाहिली. पण माझ्या मागच्या सीटवर लसींची शीतपेटी असते, द्रव नायट्रोजनचं भांडं असतं, ते उभंच राहावं लागतं, आणि आठवड्यातून एकदा माझे वडील, आप्पा, शेजारी बसलेले असतात. त्यांचे गुडघे गेलेत. उंच पायरी, स्प्रिंगच्या पाट्यांचे दणके आणि महामार्गावर ऐंशीच्या पुढे होणारा गोंगाट हे सगळं रोज सोसायचं म्हणजे दोनशे ऐंशी किलोमीटरवर अन्याय.

दुसरी जात क्रॉसओव्हर. मोटारीसारखी एकसंध बॉडी, मोटारीसारखं सस्पेन्शन, फक्त उंची जास्त. यातल्या बहुतेक गाड्या दिसायलाच दणकट. खाली वाकून पाहिलं तर जोर दोनच चाकांना. मोजक्या गाड्यांच्या मागच्या चाकांनाही खरोखर जोर मिळतो. आपल्याकडे २०१० साली आलेल्या स्कोडा यतीची एक आवृत्ती तशी होती, महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० ची होती, आणि रेनो डस्टरची होती. डस्टर मुळात रुमानियाच्या दाचिया कंपनीची, २०१० सालची. भारतात ती २०१२ च्या जुलैत आली, चेन्नईजवळच्या ओरगडमला बनायची, आणि २०१४ मध्ये तिची चारही चाकं ओढणारी डिझेल आवृत्ती निघाली.

हिच्यावर माझं मन बसलं त्याची कारणं कागदावर मांडता येण्यासारखी होती. जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. साध्या डस्टरला मागे दोन चाकांना जोडणारा आडवा तुळईसारखा दांडा असतो. या आवृत्तीत मागची दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात, त्यामुळे एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसरं जमीन सोडत नाही. दीड लिटरचं ११० पीएसचं डिझेल इंजिन, सहा गिअर, आणि त्यातला पहिला मुद्दाम इतका बारीक ठेवलेला की क्लच सोडून दिला तरी गाडी माणसाच्या चालीने चढ चढत राहते. लो रेंज नाही, पण हा पहिला गिअर तिची निम्मी उणीव भरून काढतो. डांबरावर लोक दुसऱ्यावरच गाडी उचलतात.

आणि एक गोल खटका. त्यावर तीन खुणा. पहिलीवर फक्त पुढची चाकं ओढतात. दुसरी ऑटो, म्हणजे पुढची चाकं घसरायला लागली की मागच्यांना जोर आपोआप जातो. तिसरी लॉक, म्हणजे जोर आधीपासूनच पुढे-मागे वाटलेला. मागच्या डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गोळ्याच्या, तोंडाशी चकत्यांचा एक क्लच असतो, विजेच्या चुंबकाने घट्ट होणारा. मिस्त्री त्याला नुसतं कपलिंग म्हणतात. सगळी करामत त्याची. मर्यादाही त्याचीच. चिखलात किंवा वाळूत चाकं फार वेळ फिरत ठेवली तर चकत्या तापतात, आणि मग ते स्वतःला वाचवायला मागचा जोर सोडून देतं. अशा वेळी थांबून त्याला निवू द्यायचं. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हातात ही गाडी द्यायची नसते, आणि हे ज्याला माहीत नव्हतं त्याच्या हातून ती घ्यायचीही नसते.

आप्पांना मी हे सगळं सांगितलं. ते शिंदखेडा तालुक्यातले शेतकरी, तापीच्या पलीकडच्या गावचे. चाळीस वर्षांत त्यांनी निमाडी बैलांच्या किती जोड्या घेतल्या-विकल्या त्याची मोजदाद नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘पयले पाय दख.’’

आधी पाय बघ. अहिराणीतलं हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाजारात व्यापारी बैलाची शिंगं रंगवून आणतो, अंगाला तेल चोळतो, वशिंडावर हात ठेवून बोलत राहतो. गिऱ्हाइकाची नजर वर राहावी यासाठी हे सगळं. आप्पा शिंगांकडे बघतच नसत. खाली बसायचे. खूर फाटलाय का, गुडघ्यावर जुनी सूज आहे का, बैल कडक जमिनीवर चालताना कुठला पाय हलका टेकतो. मग दात बघायचे, दोन दाती की चार दाती की जुळलेला. मग त्याला मागे चालवायचे, कारण पुढे चालताना दुखणं लपतं. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडे येतात, राजस्थानातून, काठियावाडातून. तिथेही पंचकल्याणी घोड्याभोवती गर्दी जमलेली असताना आप्पा मला हाताला धरून त्याच्या टापांशी घेऊन जायचे. पुढे पशुवैद्यक महाविद्यालयात लंगडं जनावर तपासायला शिकवलं तेव्हा पहिल्या तासाला नवीन काही नव्हतं.

शोध सुरू केला तेव्हा पहिली गाडी सुरतेत सापडली. खानदेशातलं अर्धं गणगोत सुरतेत, त्यामुळे मामेभावाने घरबसल्या चार गाड्या बघून ठेवल्या होत्या. त्यातली एक पांढरी, इतकी स्वच्छ की आत बसल्यावर नव्या गाडीचा वास. मी गाडीखाली चटई टाकून आडवी झाले. मागच्या आडव्या चौकटीच्या सांध्यांवर गंजाची पापुद्र्यांसारखी सालं सुटत होती. समुद्राकाठची हवा वरून दिसत नाही, खालून दिसते. शिवाय गुजरात पासिंगची गाडी इकडे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, मग महाराष्ट्राचा कर नव्याने, मग नवा नंबर. आणि तिकडचा परतावा मिळेपर्यंत पैसे अडकलेले. पत्रकात स्वस्त दिसणारी गाडी या सगळ्यात महाग होते. दिल्ली पासिंगच्या डिझेल गाड्यांचंही असंच. तिथे तेव्हा दहा वर्षांच्या वरची डिझेल गाडी रस्त्यावर आणता येत नव्हती, म्हणून त्या देशभर विकायला यायच्या आणि भाव ऐकून माणूस हुरळायचा. नाकारायचं कारण नाही, पण सगळा खर्च मांडल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

दुसरी गाडी धुळ्यातल्या एका विक्रेत्याकडे. मागच्या दारावर चार चाकांच्या जोराचं चिन्ह चकचकत होतं. मालक म्हणाला, फोर बाय फोर आहे, बिनधास्त न्या. मी खाली वाकले. इंजिनपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब फिरता दांडा, ज्याला मिस्त्री शाफ्ट म्हणतात, तो नव्हताच. मागे डिफरन्शियलचा गोळा नव्हता. आडवी तुळई होती. आत गोल खटकाही नव्हता. चिन्ह कुणीतरी बाजारातून आणून चिकटवलेलं. मला त्या दिवशी राग आला तो फसवणुकीपेक्षा वेगळ्या गोष्टीचा: ती गाडी घेऊन कुणीतरी ओहोळात उतरलं असतं.

तिसऱ्या गाडीचं नाव घेत नाही, ती दुसऱ्याच कंपनीची होती. तिचे चार टायर चार प्रकारचे. चारही चाकं एकमेकांना जोडलेल्या गाडीत हे साधं वाटलं तरी साधं नसतं. झिजलेला टायर आकाराने थोडा लहान होतो, त्यामुळे त्याला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात, आणि हा फरक दर फेऱ्याला कपलिंगला सोसावा लागतो. डांबरावर, कुणाला न कळता, हजारो किलोमीटर. ती आम्ही चालवूनही पाहिली नाही.

मग रावेरहून फोन आला. केळीचे एक बागायतदार, वय सत्तरीकडे, मुलगा पुण्याला स्थायिक, गाडी दारात उभी राहते म्हणून विकायची. डस्टर, २०१६ चं पासिंग, ९२ हजार किलोमीटर चाललेली, नंबर जळगावचा, एमएच १९. चैत्र सरत होता. आप्पा म्हणाले, ‘‘मी पन येस.’’

शहादा ते रावेर म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा. सबंध वाटभर डाव्या हाताला सातपुडा, उन्हाने पांढुरका पडलेला, आणि यावलच्या पुढे अचानक दोन्ही बाजूंना केळी. बाहेर बेचाळीस अंश असताना केळीच्या बागेजवळून गाडी गेली की खिडकीतून गार झुळूक येते, ती ज्याने अनुभवली त्याला सांगावं लागत नाही.

काकांनी गाडी धुतली नव्हती. हे मला पहिल्यांदा आवडलं. चाकांच्या कमानीत वाळलेली माती होती, मागच्या डिकीत केळीच्या सोपटाचा तुकडा. त्यांनी एक वही पुढे ठेवली. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. सगळं त्यांच्या तिरप्या अक्षरात. मी जे शोधत होते ते ८१ हजारांवर सापडलं: टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, बिलासकट. या इंजिनात हा रबरी पट्टा तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावंच लागतं. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरतो, म्हणून जाणते लोक दोन्ही एकदम बदलतात. वहीत ‘मागचं तेल’ अशीही दोनदा नोंद होती. मागच्या डिफरन्शियलचं तेल बदलणारा मालक क्वचित भेटतो.

तरी चटई टाकलीच. आप्पांना वाकता येत नाही. ते खुर्ची ओढून चाकापाशी बसले आणि काठीने दाखवत राहिले, तिथे बघ, तिथे बघ. शाफ्ट होता. गोळा होता, त्याच्यावर तेलाचा ओघळ नव्हता. चारही चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या टोकाला रबराच्या चुण्या-चुण्यांच्या टोप्या असतात, त्या फाटल्या की आत माती जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत सांधा खडखडायला लागतो. पुढची डावी टोपी नवी होती, वहीत नोंद होती. खालच्या पत्र्यावर दगडांचे ओरखडे होते आणि एक मोठा पोचा. काका स्वतःहून म्हणाले, ‘‘पालच्या रस्त्याला लागला, २०१९ साली.’’ ज्या गाडीच्या पोटाला एकही ओरखडा नाही तिच्या कपलिंगची परीक्षा कधी झालीय हे कसं कळणार?

टायर तीन एका वयाचे, चौथा नवा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. तीन टायर पाच वर्षांचे होते. चारही बदलावे लागणार, हे मी तिथेच सांगितलं. काकांनी मान हलवली.

चालवायला सुकी नदीच्या पात्रात गेलो. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्या इथे पायथ्याशी गोट्यांचे आणि जाड वाळूचे थरच्या थर टाकतात. पाणी त्यात मुरतं आणि उन्हाळ्यात पात्र कोरडं पडतं. परीक्षेला याहून चांगली जागा नाही. आधी पहिल्या खुणेवर ठेवून वाळूत घातली. पुढची चाकं फिरली, गाडी बसायला लागली, मी लगेच थांबवली. खटका लॉकवर फिरवला आणि क्लच हळू सोडला. मागून कुणीतरी खांदा लावल्यासारखी ती उचलली गेली आणि बाहेर आली. नुसत्या पहिल्या गिअरवर, पाय सोडून. मग एका घळीत तिरपी घातली, म्हणजे पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक जवळजवळ अधांतरी. हीच खरी अवघड जागा, कारण जोर नेहमी अधांतरी चाकाकडे पळतो. दोन क्षण चाक मोकळं फिरलं, ब्रेक स्वतःच कर्रकर्र करत त्याला धरायला लागला, जोर दुसऱ्या बाजूला गेला आणि ती चढली. मग डांबरावर येऊन खटका पुन्हा पहिल्या खुणेवर आणून मोठा गोल वळसा घेतला, कान देऊन. कुठे टकटक नाही. शेवटी आप्पांनी सांगितलं, मागे चालव. दीडशे फूट मागे चालवली. ते बाहेर उभे राहून चाकांकडे बघत होते.

काका पाच लाख साठ हजारांवर होते. टायरचे धरून पाच पस्तीसला ठरलं. माझी एक भीती उरली होती: गाडी बनायची बंद झालेली, डिझेल २०२० पासून आणि बाकीची २०२२ पासून. पण हेच दीड लिटरचं इंजिन महिंद्रा व्हेरिटोत, निसान सनीत, मायक्रात, टेरानोत बसलेलं. त्यामुळे इंजिनाचा मिस्त्री आणि सामान दोन्ही मिळतं. अवघड आहे ते मागच्या भागाचं. कपलिंग गेलं तर शोधत फिरावं लागेल, हे मी समजून-उमजून घेतलं आणि त्यासाठी चाळीस हजार वेगळे ठेवले. ते आजही तसेच आहेत.

कागदांबद्दल थोडं लिहिते, कारण खानदेशात अजून कितीतरी जुन्या गाड्या नुसत्या शब्दावर आणि सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर हिंडतात. काकांच्या आरसीवर बँकेचा बोजा दिसत होता, कर्ज फिटून दोन वर्षं झाली तरी. बँकेकडून फॉर्म ३५ आणि ना-हरकत आणून तो उतरवायला बारा दिवस लागले. मी थांबले. मग नाव बदलण्यासाठीचे फॉर्म २९ आणि ३०. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. नाव बदलेपर्यंत गाडीने कुणाला धडक दिली तर भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याच्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे नाव बदलून घेणं ही विकणाऱ्याची जास्त गरज. विम्याचंही नाव चौदा दिवसांत बदलायला टाकायचं. आधीच्या मालकाने क्लेम न केल्याची सवलत त्याच्याबरोबर जाते, ती गाडीबरोबर येत नाही. नंबर मात्र एमएच १९ च राहिला, कारण राज्यातल्या राज्यात तो बदलत नाही. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून निघाला. इथले जुने लोक अजून एमएच १८ ला घरचा नंबर समजतात आणि ३९ ला नवा. माझ्या गाडीला पाड्यांवर ‘एकोणीसवाली’ म्हणतात.

परतीच्या वाटेवर सातपुडा उजव्या हाताला होता. आप्पा शेजारी. यावलच्या पुढे त्यांनी खटक्यावर हात ठेवून विचारलं, हे फिरवलं की मागचे पाय चालतात ना? मी हो म्हटलं. चोपड्यापर्यंत ते मधूनमधून मागे वळून बघत होते.

पहिला पावसाळा तिने मला शिकवण्यात घालवला. काळ्या मातीचा स्वभाव मला लहानपणापासून माहीत, पण चाकाच्या बाजूने कधी पाहिला नव्हता. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी भरते की दहा पावलांत टायर गुळगुळीत गोळा होतो. मग चारच काय, आठ चाकं ओढत असली तरी उपयोग नाही, सगळी एकदम घसरतात. अशा शेतरस्त्यावर पाऊस थांबल्यावर लगेच जायचं नाही, वरचा थर थोडा आंबट-ओला होऊ द्यायचा, आणि आत शिरलं की थांबायचं नाही. जाडसर खाचांचे टायर घेतले त्याचा उपयोग खटक्याइतकाच झाला. डोंगरात उलट. मुरमाच्या चढावर घाई केली की घसरणं आलं; पहिला गिअर, लॉक, आणि पाय शक्य तेवढा बाजूला. ओहोळ आधी पायी ओलांडायचा, काठीने तळ चाचपत. पाणी चाकाच्या मध्यावर आलं की परत फिरायचं. चांदसैली घाटात दरड आली तेव्हा तीही रांगेत इतरांसारखीच उभी होती, आणि नर्मदेच्या फुगवट्यापलीकडच्या पाड्यांना आजही होडीच लागते.

एका पाड्यावर मी तिला घेऊन गेलेच नाही. वाट होती, कदाचित चढलीही असती. पण उतरणीला एका बाजूला कडा, ओलं गवत आणि माझ्याबरोबर संस्थेची एक नवीन मुलगी. गाडी खाली ठेवून आम्ही पाऊण तास चढलो. पूर्वी मी त्यावर स्वतःशी चिडले असते.

मग भाद्रपदात पुन्हा त्या पहिल्याच पाड्यावरून फोन आला. तीच गाय. या वेळी पोरगा टेकडीवर रात्री नऊला चढला होता. पावसाची झड होती. घाट सावकाश घेतला, डांबर संपलं, ओहोळाशी उतरून बॅटरीच्या उजेडात पाणी पाहिलं. पोटरीपर्यंत. खटका फिरवला. पलीकडच्या चढावर एका जागी ती थबकली, उजवं मागचं चाक गोट्यावरून निसटलं, मी ब्रेक लावून श्वास घेतला, अर्धा फूट मागे येऊन वेगळ्या रेषेने लावली. चढली. पुढचे चार किलोमीटर सतरा मिनिटांत.

वासरू उलटं येत होतं, मागचे पाय आधी. नाळ दाबली जाते तेव्हा अशा वासराला फार वेळ नसतो. मी हात साबणाने धुऊन खाली बसले, घरधन्याने दोरी धरली. बाहेर आल्यावर ते हललं नाही. मागचे पाय धरून उलटं केलं, नाकातोंडातला चिकटा काढला, गवताच्या काडीने नाकपुडीत टोचलं, छाती चोळत राहिले. मग ते शिंकलं. कालवड होती.

घरधनी बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही. बघते तर विळा घेऊन तो माझ्या गाडीच्या चाकांशी बसला होता आणि टायरच्या खाचांत बसलेला चिखल एकेक ओळ करून खरवडत होता, नांगरून आलेल्या बैलाचे खूर काढतात तसा. पोरगा बॅटरी धरून उभा. मी राहू द्या म्हटलं. तो म्हणाला, उतारावर घसराल ताई. आणि पुढच्या चाकाकडे सरकला.

शहाद्यात पोचले तेव्हा अडीच वाजले होते. फोन वाजला. आप्पा जागेच होते.

‘‘काय झायं?’’

‘‘कालवड. दोघी चांगल्या.’’

ते थोडं थांबले. पलीकडे पाऊस वाजत होता, म्हणजे तापीच्या त्या काठालाही लागला होता.

‘‘गाडीना पाय धुयात का?’’

मी अंगणातला पाइप ओढला आणि बॅटरी घेऊन मागच्या चाकापाशी बसले.